वर जायला दहा तेत्री

आमच्या लिफ्टला वर जायला पैसे लागतात,
खाली यायला नाही.
तिबिलिसीच्या या टोकाला
जुन्या इमारतींची हीच रीत:
भिंतीवर लोखंडी डबी, डबीला फट,
फटीत दहा तेत्रींचं नाणं,
मग कुठे ती कुरकुरत अंग हलवते.

मी बेकरीत रात्रपाळीला.
पहाटे परततो तेव्हा नखांत पीठ,
काखेत दोन गरम पाव
आणि खिशात नेमकी नोट.
नोट तिला चालत नाही.
आमचा मजला नववा.
त्या वेळी सुट्टे मागायचे कुणाकडे?
दारातल्या कुत्र्याकडे?

पण डबीच्या वर, पत्र्याच्या काठावर,
एक नाणं असायचं.
थंडीत कधी दोन.

पहिल्या वर्षी वाटलं, कुणीतरी विसरलं.
दुसऱ्या वर्षी वाटलं, माझं नशीब.
तिसऱ्या वर्षी लाज वाटायला लागली.
पाचव्या मजल्यावरच्या वाझाला विचारलं,
तोच एक मोठ्या मनाचा, निदान मोठ्या आवाजाचा.
तो हसला, कोटाचा खिसा उलटा करून दाखवला:
भोक.

मग एकदा भट्टी बिघडली
आणि मी तासभर लवकर आलो.
जिन्याखालच्या दिव्यात
नाझिब्रोला उभी होती, दुसऱ्या मजल्यावरची.
पायांत कापडी सपाता, झग्यावर नवऱ्याचा जुना कोट.
टाचा उंचावून काठ चाचपत होती,
आंधळ्यासारखी, एका बोटानं,
कालचं नाणं गेलं की आहे ते बघत.

नाझिब्रोला लिफ्टनं जात नाही.
दोन मजल्यांसाठी यंत्राला कशाला शिणवायचं, म्हणते.
म्हणजे, इतरांना म्हणते.
आमच्याशी ती अकरा वर्षं बोललेली नाही.

झालं होतं असं:
तिनं गॅलरीत आलुबुखाराच्या पोळ्या वाळत घातलेल्या,
लालभडक, कातड्यासारख्या ताणलेल्या,
आणि वरून आमच्या चादरींचं साबणपाणी
टप टप.
ती वर बघून ओरडली.
आई खाली बघून म्हणाली, "आभाळाला सांग."
एवढंच. पण एवढं पुरतं.

मी पाऊल मागे घेतलं.
बाहेर अंधारात उभा राहून चाळीसपर्यंत मोजलं,
मग खोकलो,
नुकत्याच येणाऱ्या माणसासारखा,
आणि कुत्र्याशी उगाच मोठ्यानं बोललो.
आत आलो तेव्हा काठावर नाणं होतं
आणि जिन्यात सपातांचा आवाज,
घाईचा, चोरासारखा.

आईला सांगितलं.
ती शेंगा निवडत होती, निवडत राहिली.
एक किडकी निघाली तेवढी बाजूला टाकली.
मला वाटलं, ऐकलंच नाही.

शनिवारी तिनं धुणं काढलं.
चादर पिळली. झटकली.
पुन्हा पिळली.
मग दुसरं टोक माझ्या हातात दिलं: "धर. पीळ."
"आई, झालंय की."
"पीळ म्हणते ना."
आम्ही दोघं समोरासमोर, उलट्या दिशांना,
मनगटं दुखेपर्यंत.
मग दोरी सोडली, चाक किंचाळलं,
चादरी एकेक करत समोरच्या खांबाकडे निघाल्या.
आई कठड्यावरून वाकून खाली बघत राहिली.
बराच वेळ.
एक थेंब नाही.

त्या बोलायला लागल्या का?
नाही. अजून नाही.
जिन्यात भेटल्या तर एक भिंतीकडे सरकते,
दुसरी पिशवी छातीशी धरते,
वाट होते, दोघी जातात.
मी आता खिशात सुट्टे ठेवतो.
कधी घेतो, कधी ठेवतो;
काठावरच्या हिशोबाची वही नाही.

परवा दुपारी आई म्हणाली,
"त्या दोरीच्या चाकाला तेल घाल.
केवढं किंचाळतं.
या वेळेला ती झोपलेली असते."
"कोण?" मी विचारलं.
आईनं मान वर केली नाही.
"लिफ्ट," म्हणाली.