सांगता येत नाही

द्वारका चौकात, पुलाच्या कडेला, चाळीस फुटांवर
गादीवाल्या कंपनीने खराखुरा पलंग लावला.
त्यावर गवत भरलेला माणूस,
पट्ट्यांचा पायजमा, तोंड भिंतीकडे.
अंगावर रजई. वारा आला की हलायची
आणि सिग्नलला थांबलेल्यांना वाटायचं, कूस बदलतोय.
वर एवढंच लिहिलेलं :
हॉर्न वाजवा. तो उठणार नाही.

मी खाली, क्लिपबोर्ड घेऊन.
फॉर्ममागे बारा रुपये. चार चौकोन :
फारच आवडली, आवडली, नाही आवडली,
सांगता येत नाही.

लोकांना सांगता येत होतं.
चौकोनात मावत नव्हतं, एवढंच.

हवालदार निरभवणे म्हणाले, लिहा,
माझ्या कानांचा खर्च कंपनीने द्यावा.
जो येतो तो वाजवून बघतो, उठतोय का.
पिंपळगावहून द्राक्षं घेऊन निघालेला ड्रायव्हर म्हणाला,
तीन रात्री जागा आहे मी, ताई.
असलं समोर टांगू नका, डोळा लागतो.
प्रेसमधून रिटायर झालेले बैरागीकाका :
जन्मभर नोटा छापल्या,
नक्षी कशी उठलीय ते कुणी थांबून पाहिलं नाही.
याला बघा, फुकट माना वर.
आवडली. 'फारच' नको,
फारच म्हटलं की दर वाढतो.

हौसाबाई गांगुर्डे, पेरूची पाटी :
पुरुष माणूस, सकाळी अकराला झोपलेला.
यात नवीन काय दाखवलं?

जानेवारीत निफाडला पारा चारवर आला
त्या रात्री रजई गेली.

चाळीस फूट. शिडी नाही, दोर नाही.
पलंग आवळणाऱ्या रऊफ मिस्त्रीला दोनदा चौकीत नेलं.
तो म्हणाला, साहेब, मी असतो तर
आधी नटबोल्ट नेले असते. लोखंडाला भाव आहे.

आठवड्यात कंपनीने नवी ओळ चिकटवली :
चाळीस फूट चढून न्यावी, अशी ऊब.
पुण्याचे साहेब खूश. फॉर्मवर पाचवा प्रश्न आला :
चोरीची कल्पना आपणास कशी वाटली?

पण हॉर्न थांबले.
रजईखाली तो गुडघे पोटाशी घेऊन झोपलाय
हे आधी दिसलंच नव्हतं कुणाला.
निरभवणे म्हणाले, कानाला बरं वाटतंय.
थोड्या वेळाने परत आले. म्हणाले,
नाही वाटत. खोडा ते.

एका संध्याकाळी हौसाबाईंनी गोधडी आणली.
जुनं लुगडं, धोतर, मधोमध शाळेच्या शर्टाचा तुकडा,
खिसा तसाच ठेवलेला.
रऊफ चढला.
निरभवणे तेवढा वेळ पाठ करून
नाशिकरोडची वाहतूक मोकळी करत राहिले,
जी मोकळीच होती.

साहेबांचा फोन : ती आपली वस्तू नाही.
रंग बसत नाही. उतरवा.
मी म्हटलं, सर, आधी लोकमत घेते.
दोन दिवसांत एकशे सदतीस फॉर्म.
मला एवढे कधी मिळाले नव्हते; लोक स्वतः पेन मागत होते.
बैरागीकाकांनी 'फारच'वर टिक केली.
वाढू दे दर, म्हणाले.

फॉर्म पुण्याला गेले. उत्तर आलं नाही.
उतरवायलाही कुणी आलं नाही.

फेब्रुवारीअखेर करार संपला.
पलंग खाली आला, गवत टेम्पोतून गेलं,
पत्र्यावर आता एक फोन नंबर आहे : जागा उपलब्ध.
गोधडी हौसाबाईंनी पुलाच्या कठड्यावर झटकली,
शर्टाच्या खिशात हात घातला.
चार काड्या. एक पीस.
हे काय मी ठेवलं नव्हतं, म्हणाल्या. आता याचं काय लिहिशील?

माझ्याकडे एकच कोरा फॉर्म उरला होता.
तो त्यांनी घेतला, पेरू चार फाकांत चिरला,
तिखटमीठ लावून
त्यातच बांधून दिला.