खालचा शिक्का

मुखेडच्या कॉलेजात मी इतिहास शिकवतो,
तासिका तत्त्वावर. तास झाला तर पैसे,
तेही होळीनंतर.

जूनमध्ये प्रवेशाचे फॉर्म घेऊन बाऱ्हाळीला फिरलो, जांबला फिरलो.
पोरगी नीटसाठी लातूरला. पोरगं पुण्यात, पार्सल पोचवतंय.
‘बी. ए. करून तेच करायचंय की, सर!’
चहा मात्र प्रत्येक घरी झाला.

पटावर बेचाळीस.
बाकावर एकटी अयोध्या गवंडगावे,
साडेसातच्या एसटीनं येणारी.

नॅकची समिती आली तेव्हा
कुंड्या भाड्यानं आणल्या,
बारावीची पोरं उसनी.
समिती गेली, कुंड्या गेल्या,
एक फुटली, तिचे पैसे माझ्याकडून.

काल तिला सातवाहनांची नाणी शिकवत होतो:
हरलेल्या राजाची नाणी वितळवली नाहीत,
त्यांवरच आपला शिक्का ठोकला.
बाहेर शिडीवर रंगारी.
‘इतिहास विभाग’वर पांढरा हात मारून
‘स्पर्धा परीक्षा केंद्र’ लिहीत होता.

जाताना अयोध्या दाराशी थांबली.
ओल्या रंगाखाली अजून ‘इति’ दिसत होतं.
‘सर, खालचा शिक्का वाचता येतो की.’

मी रजिस्टरात लिहिलं:
तास एक. उपस्थिती एक.
पुढचा रकाना
कोरा ठेवला.