मूठ

जयेंद्रगंजच्या दुकानात भदौरियाने
काचेवर हिरवी बनात पसरली
आणि तिन्ही पिस्तुलं मांडली,
सराफ पाटल्या मांडतो तशी.
हे कानपूरचं. सरकारी माल.
हे हरदोईचं, नाव विलायती, कारखाना आपला.
आणि हे इटलीचं, जुनं,
एका कर्नलच्या कपाटातून आलेलं.
"ये दुबारा नहीं मिलेगा, भाभीजी."

माझ्या भाच्याने, जयराजने,
रात्री बसून वहीत रकाने आखले होते:
वजन, लांबी, गोळ्या किती, किंमत,
सुटे भाग मिळतात की नाही.
शेवटचा रकाना कोरा. त्याच्यावर फक्त
'मावशी'.

कानपूरचं उचललं.
भरला तांब्या उचलावा तसं मनगट खाली गेलं.
वरचा भाग मागे खेचायचा म्हटलं
तर संधिवाताचा अंगठा पहिल्याच खेचीला नाही म्हणाला.
भदौरिया हसला नाही, एवढं त्याचं बरं.
म्हणाला, नवं आहे, वापरून वापरून सैल होईल.
सैल होईपर्यंत
मी कुणावर वापरायचं, हे नाही सांगितलं.

हरदोईचं म्हणजे स्टीलचा नवा डबा,
चकचकीत, झाकण करकरणारं.
किंमत मात्र विलायती नावाची.

इटलीचं हातात बसलं.
कसं सांगू, चाळीस वर्षांची पळी बसते तसं.
बोटं आपापल्या जागी गेली
कुणी न शिकवता.
मी ते चटकन खाली ठेवलं.

"पर्स में रखिए, किसी को पता भी नहीं चलेगा."

इथे? ग्वाल्हेरात?
इथे बंदूक दिसण्यासाठीच असते.
ह्यांची दुनळी खांद्याला असली
की बँकेतली रांग आपोआप सरकायची,
शेजारचे कुशवाह आधी दुनळीला नमस्कार करायचे,
मग ह्यांना.
आता ती ठाण्यात जमा आहे.
वारसा म्हणून परवाना माझ्या नावावर झाला,
फोटोत मी डोळे मिटलेली.

सव्वीस वर्षांत दुनळी एकदाच उडाली.
मुरारला, कुणाच्या तरी वरातीत,
आभाळाकडे, आनंदाने.
डोक्यावर दिव्यांचं झाड घेतलेला एक पोरगा
ह्यांच्या अगदी उजवीकडे उभा होता.
गोळी वर गेली,
आवाज त्याच्या डाव्या कानात राहिला.
रामहेत.
ह्यांनी डॉक्टरचे पैसे दिले, नंतर नोकरीही.
आज आमच्या गॅस एजन्सीत सिलेंडर चढवतो,
आणि संध्याकाळी रोकड घेऊन निघाले
की बँकेपर्यंत तोच सोबत येतो.
मी त्याच्या उजव्या बाजूने चालते.
गेल्या महिन्यात मोटारसायकल डावीकडून आली.
त्याला कळलीच नाही.
पिशवी गेली. मला खरचटलं, त्याला टाके पडले.
म्हणून तर हे सगळं.

मी विचारलं,
आवाज कोणाचा कमी?

जयराजने वही उलटीपालटी केली.
आवाजाचा रकाना नव्हता.
भदौरियाने मघाशी उघडलेला गजकचा डबा
माझ्याकडे सरकवला, एक तुकडा स्वतः तोंडात टाकला,
आणि खाऊन झाल्यावर म्हणाला,
"आवाज तो सबकी एक-सी है."

परवान्यावर अजून एकोणीस दिवस आहेत.
इटलीचं तो शनिवारपर्यंत बाजूला ठेवणार,
बयाणा घेतला नाही,
"आप तो घर के हैं."

टेम्पोत जयराज पेन उघडून बसला होता.
मावशी, काय लिहू?
मी खिडकीबाहेर बघत होते. थंडी होती,
आणि माझा उजवा हात मांडीवर
अजून तसाच,
मूठ अर्धी मिटलेली,
एक बोट बाकीच्यांपासून जरा वेगळं.
महाराजबाड्याला उतरताना
टेम्पोवाल्याने त्यातच
सुटे पाच रुपये ठेवले.