पाचवा हिस्सा

रात्री सव्वाबाराला सराफ्यात
गेंदालालच्या ठेल्यामागे मी पोतं धरून उभी.
किसणीवर त्याचा हात खालीवर, खालीवर,
कढईत कीस, हिंग, दूध,
आणि पायाशी भुट्ट्यांचे नागडे दांडे.
सकाळी कचऱ्याची गाडी गात येण्याआधी
ते मला हवे असतात.
"मॅडम, गाय पाली है क्या?"
मी म्हणते, भट्टी.

दांडे धुते, आम्लात बुडवते, पुन्हा धुते,
गच्चीवर वाळवते; दोनतीन खारी नेतात.
मग नळीच्या भट्टीत तेराशे अंश,
आर्गॉनच्या पांघरुणाखाली, म्हणजे पेटत नाहीत,
जे जाण्यासारखं होतं तेवढं जातं.
किलोमागे पावशेरही उरत नाही.
काळं, हलकं,
टिचकी मारली तर काचेसारखं वाजणारं.

ग्रॅफाइटचे थर म्हणजे कपाटातल्या साड्या,
काठाला काठ लावून ठेवलेल्या;
सोडियम दारातूनच परत जातो.
इथे घड्याच चुकलेल्या.
थर वाकडे, मध्ये पोकळ्या,
कुणी कुणाला समांतर नाही,
आणि म्हणून जागा.

हेच पुण्याच्या मामेबहिणीला फोनवर सांगत होते.
"मी मोजून राहिली आहे," म्हणाले,
तर ती हसली. "अगं, मोजतेय म्हण!"
मी गप्प.
पडद्यावर आलेख चढत होता.

पहिल्या चार्जिंगला जेवढं आत जातं
तेवढं कधीच बाहेर येत नाही.
पाचवा हिस्सा अडकतो,
कायमचा.
सर त्याला तोटा म्हणतात,
वहीत लाल शाईने लिहायला लावतात.
माझे खापरपणजोबा वाईहून इकडे
दोन वर्षांसाठी आले होते, दप्तरात कारकून.
मी लाल पेन शोधते, सापडत नाही,
निळ्याने लिहिते.

चारशे फेऱ्या पुऱ्या झाल्या त्या रात्री
बटणाएवढा सेल आणि इवला दिवा घेऊन
सराफ्यात गेले.
गेंदालालने झारा ठेवला, हात पुसले,
काडीला वाऱ्यापासून धरतात तसा
तळहाताचा आडोसा करून पाहिलं.
लाल.
शेजारच्या गराडूवाल्यालाही बोलावलं.
"इत्ता सा?" गराडूवाला म्हणाला.
गेंदालाल काही बोलला नाही,
तीन प्लेटी होईपर्यंत नुसता किसत राहिला.
मी पोतं उचललं तेव्हा
मान वर न करता म्हणाला,
"कल से दस रुपए किलो."