बॉनेटमधला तलाव

शाळेने मोडीत काढलेली बस गजेंद्रने घेतली.
पिवळा रंग तसाच राहिला, नवा परवडेना.
दारावर अजून लिहिलेलं: मुले ३२.
आम्ही तिघं, आणि खारी.
मागच्या बाकांचा पलंग झाला,
ड्रायव्हरच्या पाठीशी शेगडी,
खिडक्यांना माझ्या जुन्या साडीचे पडदे,
आणि पत्र्यावर कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं
'समीर अधिक',
पुढचं नाव नंतर खरवडून टाकलेलं.

खारी आमची कुत्री.
बेकरीच्या फळीखाली सापडली, रंगही तसाच.
हा सगळा खटाटोप तिच्यापायी.
आठ जणांना फोन केले मी.
तंबू आहे, तळं आहे, शेकोटी आहे,
जेवण व्हेज-नॉनव्हेज दोन्ही.
कुत्रं? नाही चालणार, मॅडम.
नववा म्हणाला, चालेल की. चावत नाही ना?
नाही, म्हटलं मी.
पोस्टमनचं काही बोलले नाही.

घाटापलीकडचं तळं. अडीच-तीन तास.
जोगेश्वरीहून निघालो शनिवारी चारला,
साडेपाचला पवईपाशी
बसने वाफ सोडली.
सुई लालात गेली ती परत येईना.
गजेंद्र स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला,
आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.
केतकीने मागून विचारलं, आलं का?
कुणी बोललं नाही.
खिडकीबाहेर तळं होतं.

मेकॅनिक इद्रिस म्हणाला, आता लग्नात आहे,
सकाळी येतो.

नऊच्या सुमाराला हवालदार आला.
इथे राहता येत नाही, म्हणाला.
गजेंद्रने बॉनेट उघडून दाखवलं.
त्याने टॉर्च आत मारला, काही न कळून मान हलवली,
तोवर खारीने त्याचे बूट हुंगायला घेतले,
डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा.
घरी पण आहे एक, तो म्हणाला. मोती.
जाताना वळून सांगितलं,
पाण्याकडे सोडू नका हिला. मगर आहे.

केतकी तासभर रुसून बसलेली.
तिकडच्या तळ्यात मगर आहे? तिने विचारलं.
नाही.
मग इथेच राहू.

भुर्जी केली. पाव शेकले.
पलीकडचे टॉवर पाण्यात डोकं खाली करून उभे,
त्यांच्या पायाशी (की डोक्याशी?) जलपर्णी,
आणि दर काही मिनिटांनी विमान,
इतकं खाली की केतकी चाकं मोजायची.
वास म्हणाल तर होता.
थोड्या वेळाने तो जेवणाचाच भाग झाला.

नऊ वर्षं मी ह्याच काठाने कामावर जाते,
रिक्षात, मोबाइलमध्ये मान घालून.
कुणी विचारलं असतं, पवईला काय आहे,
तर म्हटलं असतं, ट्रॅफिक.

रात्री खारीची दोरी माझ्या घोट्याला बांधली.
ती पायरीवर, मी पलंगावर.
तिनाच्या सुमारास दोरी ताणली गेली.
पाण्यात काहीतरी डुबुक वाजलं,
मासा असेल, नारळ असेल,
किंवा तीच.
खारी भुंकली नाही.
दोघींनी श्वास धरला,
तिचे कान उभे,
माझेही असावेत.
मग बराच वेळ काहीच झालं नाही.
इतकं काहीच न झालेलं
मी मुंबईत पहिल्यांदाच ऐकलं.

सकाळी इद्रिस आला, शेरवानीवरच,
पाईप बदलला, दोन कॅन घेऊन काठावर गेला.
तळ्याचं पाणी चालेल? गजेंद्रने विचारलं.
चालेल, तो म्हणाला.
घरापर्यंत चालेल.

नवव्याने आगाऊ पैसे परत दिले नाहीत.
बस आता बिल्डिंगच्या मागे उभी असते,
सेक्रेटरीची नोटीस काचेवर.
रेडिएटरमधलं पाणी बदलायचं आहे,
गजेंद्र रविवार रविवार म्हणतो,
मीही फार मागे लागत नाही.

संध्याकाळी फिरून येताना
खारी बसपाशी थांबते,
बॉनेटच्या फटीला नाक लावते,
डावीकडून, मग उजवीकडून,
आणि आत कुणी हललंच तर
म्हणून श्वास धरून उभी राहते.