पेन्सिल

स्वान्सीच्या लेझर सेंटरात, मंगळवारी सकाळी,
आयर्लिस माझ्या दोन फऱ्यांच्या मधोमध
बोट टेकवते. थंडगार.
इथे पेन्सिल धरलीय असं समज. पाडू नकोस.

गुडघे किंचित वाकलेले, छाती उघडी.
हात म्हणजे नुसते आकडे, ती म्हणते,
ओढायचं कोपरांनी.
आणि सोडताना घाई नाही,
पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवतात तसं
वजन परत नेऊन सोडायचं.

एकतीस वर्षं मी लोकांच्या तोंडात वाकून पाहिलं:
खाणीतून निवृत्त झालेल्यांच्या दाढा, पोरांचे दुधाचे दात,
मिसेस प्रॉसरची कवळी, जी दर नाताळात हरवायची.
आ करा, आ करा म्हणता म्हणता
पाठीचा कधी विळा झाला, कळलं नाही.
आपली पाठ आपल्याला कुठे दिसते.

पहिल्या खेपांना खांदे कानाशी चढतात.
आयर्लिस न बोलता वजन उतरवते, पंधरावरून दहा.
थोडा अपमान वाटतो.
मग सातव्या ओढीला
आत, जिथे माझं काही असेल हे ठाऊकच नव्हतं,
कुणीतरी कूस बदलतं.

पेन्सिल पडत नाही.

काचेपलीकडे ओहोटी; चिखलात एक होडी कलंडलेली.
मी जागच्या जागी वल्हवते.
सांगलीला आता दुपार.
पाठची बहीण जेवून पुन्हा मशिनवर बसली असेल,
ब्लाउजांच्या ढिगावर वाकून.
फोन करायचाय तिला.
फोनवरून पेन्सिल कशी द्यायची, तेवढं सुचत नाही.