वाच

मे महिन्यात, कुओपिओच्या बाजारात,
सोळाव्या वर्षी मी कोर्वासिएनी विकायचे.
नावाचा अर्थ कानाची अळंबी, दिसायला मेंदू:
तपकिरी, सुरकुतलेली, कच्ची खाल्ली तर विष.
प्रत्येक पुड्यासोबत एक चिठ्ठी द्यायचीच, नियमच होता:
दोनदा उकळा. दोन्ही वेळा पाणी फेका.
खिडकी उघडी ठेवा. वाफेवर तोंड नेऊ नका.
माझी मालकीण हिल्या तुओमाइनेन
चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून म्हणायची, "वाच."
तो वाचेपर्यंत पैशाला हात लावायची नाही.

हे आठवलं चोवीस वर्षांनी,
ओउलूत, जानेवारीत, पहाटे तीन दहाला,
अर्त्तूचा फोन ठेवल्यावर.
बाहेर उणे एकोणतीस.

आमच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरमधल्या एजंटला
एका कॉम्प्युटरचा संशय आला
आणि त्याने तो नेटवर्कवरून तोडला.
त्याच्या हाताशी दिलेली चौदा साधनं. हे सातवं.
वर्णन माझं: "यंत्र वेगळे करते."
तीन शब्द, शुक्रवारी दुपारी चारला लिहिलेले.
पाट्या टाकल्या होत्या, दुसरं काय.

ते यंत्र नदीपलीकडच्या वस्तीत
घराघरांत गरम पाणी धाडणारं निघालं.
चाळीस मिनिटं रेडिएटर निवत गेले.
कुणाला काही झालं नाही.
एका म्हाताऱ्याने म्हणे दोन कोट चढवले
आणि कॉफीचं आधण ठेवलं.

मी लॉग उघडला. एजंटने आपली कारणं
नीट, ओळीने मांडून ठेवली होती:
धोका दूर करायचा आहे.
हे साधन यंत्र वेगळे करते.
वेगळे केल्याने नुकसान होते असे कुठेही लिहिलेले नाही.

कुठेही लिहिलेले नाही.
आरोप नव्हता त्यात.
असता तर भांडता तरी आलं असतं.

माणूस अडला की शेजारच्या टेबलाकडे बघतो,
भुवई उचलतो, "अगं, हे म्हणजे नक्की?" म्हणतो.
अर्ध्या वाक्याचा उरलेला अर्धा
त्याच्या पोटात आधीपासूनच असतो.
याच्या वाट्याला माझे तीन शब्द,
आणि मी तर पाचलाच घरी गेलेली.

उजाडायच्या आत लिहायला बसले.
"एका यंत्राचा नेटवर्कशी संबंध तोडते.
यंत्र चालूच राहते; फक्त त्याची हाक कुणाला जात नाही."
हाक खोडली. छान वाटत होती, म्हणूनच.
"जोडणी आपोआप परत येत नाही.
माणसाला जागेवर जाऊन ती करावी लागते.
यंत्र उष्णता, पाणी, वीज किंवा रुग्ण सांभाळत असेल
तर शक्यतो वापरू नका."
शक्यतो!
किती सभ्य शब्द. दार लावतो आणि कडी घालत नाही.
काढला.
"वापरू नका. पाळीवरच्या माणसाला विचारा.
यंत्र काय सांभाळते हे ठाऊक नसेल
तर ते कुणाला तरी सांभाळते असे धरा."

अर्त्तू बर्फाचे बूट घालूनच आत आला,
खांद्यावरून वाकून बघितलं.
"एवढं लांबलचक? कोण वाचणार?"
"तोच वाचतो," मी म्हटलं. "वाचत नाही ते आपण."

दुपारी तोच हल्ला, खोटा, पुन्हा करून पाहिला.
एजंट थांबला. विचारलं त्याने.
अर्त्तू जेवायला गेला.

मी आठव्यावर आले. तेही माझंच.
"फाइल काढते."
काढते म्हणजे?
कपाटातून काढून समोर ठेवते,
की डाग काढतात तशी काढते?
दीड वर्ष हे इथे पडून आहे
आणि दीड वर्ष कुणीतरी रोज, मुकाट्याने,
दोहोंपैकी एक अर्थ निवडतंय.

खोलीत कसलाच वास नव्हता.
तरी उठले
आणि खिडकी उघडली.